कॉम्प्युटर हँग होतोय? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी हे वाचा

गावातला कॉम्प्युटर हळू चालायला लागला की त्यावर औषध ठरलेलं असतं: ‘फॉरमॅट मारून घे.’ मग सीपीयू मोटारसायकलवर मांडीत धरून तालुक्याला न्यायचा, दुसऱ्या दिवशी परत आणायचा. चार-दोन महिने मशीन पळतं आणि पुन्हा तीच रड सुरू होते. मधल्या मध्ये काय गेलं ते मागाहून कळतं. दूध संकलन केंद्राचा गेल्या वर्षीचा हिशेब, बचत गटाचं रजिस्टर, लेकीच्या लग्नाचे फोटो, पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेले ठराव तर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाहीत, कारण फॉन्ट फॉरमॅटमध्ये उडालेला असतो आणि अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसतात.

ज्याच्या घरात कॉम्प्युटरच नाही, त्यालाही हा विषय चुकत नाही. आधार, पासबुकाचं पहिलं पान, पोरांचे दाखले, सातबारा ही सगळी कागदपत्रं गावातल्या कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरमध्ये पडून असतातच. सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात. ते मशीन कसं सांभाळलंय यावर आपल्या कागदांचं आणि कधी कधी खात्यातल्या पैशाचंही बरंवाईट ठरतं.

फॉरमॅटनं बरं का वाटतं?

फॉरमॅट म्हणजे विंडोज ज्या भागात आहे तो भाग पुसून ती नव्यानं टाकणं. बरोबरीनं सुरू होणारे वीस प्रोग्राम गेले, कचरा गेला, म्हणून मशीन हलकं होतं. पण हळू होण्याचं मूळ कारण जुनी हार्ड डिस्क, कमी रॅम किंवा धुळीनं भरलेला पंखा असेल, तर ते जागच्या जागीच राहतं. वर पुष्कळदा टाकलेली विंडोज चोरीची असते. ती ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायला जे छोटं टूल चालवतात, ते सुरुवातीलाच अँटिव्हायरस बंद करायला सांगतं. घराची राखण करणाऱ्या कुत्र्याला बांधून ठेवा म्हणणारा पाहुणा कोण असतो, हे गावात कुणाला सांगायला नको. अशा टूलमधून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आत घुसतात आणि मशीन नवं दिसत असतानाच आतून फितूर झालेलं असतं.

फॉरमॅट कधीच करू नये असं नाही. व्हायरस खोलवर गेला असेल किंवा विंडोज उघडतच नसेल, तर करावंच लागतं. पण तो शेवटचा इलाज आहे. त्याच्या आधी ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय विंडोजमध्येच असतो आणि त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं, तर आपल्या फाइल तशाच राहतात. प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावे लागतात.

आधी बघा, अडतंय कुठं

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात आणि प्रत्येकासमोर टक्के असतात. मशीन अडकलेलं असताना कुठला आकडा शंभराला टेकलाय ते बघायचं. तापलेल्या माणसाला थर्मामीटर लावतात तसंच हे. एवढं न बघता पैसे खर्च करू नयेत.

काही काम चालू नसताना डिस्क बराच वेळ शंभर टक्के दाखवत असेल, तर दोष बहुतेक जुन्या हार्ड डिस्कचा असतो. या डिस्कमध्ये खरोखरची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक सुई तिच्यावरून माहिती वाचत धावते. आजच्या विंडोजला एका वेळी शेकडो लहान फाइल लागतात. सुई इकडून तिकडे पळून दमते आणि आपण माउस आपटत बसतो. यावर उपाय म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. सात-आठ वर्षांच्या मशीनलाही एसएसडी टाकली, की सुरू व्हायला पाच मिनिटं घेणारा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटाच्या आसपास उघडतो. ऑफिसच्या साध्या कामाला २५६ जीबीची पुरते. जुनी हार्ड डिस्क फेकायची नाही, आतच दुसरी म्हणून ठेवता येते. एसएसडीचे भाव वरखाली होत असतात, म्हणून दोन दुकानांत विचारा. जुन्या डिस्कवरची विंडोज आणि सगळा डेटा जसाच्या तसा एसएसडीवर उतरवता येतो. त्याला ‘क्लोन’ करणं म्हणतात. दुकानदाराला ‘फॉरमॅट नको, क्लोन करून द्या’ असं स्पष्ट सांगायचं. सांगितलं नाही तर तो फॉरमॅटच करणार, कारण त्याला ते सोपं पडतं.

हार्ड डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर आवाज येत असेल, तर मात्र बाकी सगळं सोडा. ती डिस्क शेवटच्या घटका मोजतेय असं समजा आणि आधी फाइल दुसरीकडे काढा.

मेमरी भरलेली दिसत असेल, तर रॅम अपुरी आहे. ४ जीबी रॅमवर ब्राउझरच्या पंधरा खिडक्या आणि दोन सरकारी पोर्टल एकदम चालणं अवघड. ८ जीबी केली की फरक पडतो. तोवर नको त्या खिडक्या बंद करायची सवय फुकटात लागते.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ असा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना आपल्याला न विचारता कोण कोण जागं होतं त्याची ती यादी. कधीकाळी टाकलेला गेम, जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम, गाणी डाउनलोड करणारं सॉफ्टवेअर. ओळखीचं आणि नको असलेलं नाव निवडून ‘डिसेबल’ करा. त्यानं प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस, बोटांचे ठसे घेणारं मशीन आणि डिजिटल सहीचं डोंगल यांच्या नावांना हात लावायचा नाही.

एक साधी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ‘शटडाउन’ केलं म्हणजे कॉम्प्युटर पूर्ण विसावला असं होत नाही. आजची विंडोज लवकर सुरू व्हावी म्हणून बंद होताना आपल्या आतल्या कामाचा काही भाग तसाच जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालते. त्यामुळे अडलेलं अडलेलंच राहू शकतं. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून रोज बंद करत असलात, तरी आठवड्यातून एकदा मुद्दाम रीस्टार्ट करा.

कचरा काढा, पण डोळे उघडे ठेवून

सी ड्राइव्ह काठोकाठ भरली की विंडोजला श्वास घ्यायला जागा उरत नाही. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असावी. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’, त्यात ‘स्टोरेज’ आणि त्यात ‘टेम्पररी फाइल्स’ असं गेलं, की काय पुसता येईल याची यादी येते. यादीत ‘डाउनलोड्स’ असंही नाव असतं. त्यावर खूण करण्याआधी थांबा. सेवा केंद्रात लोकांनी पाठवलेले कागद तिथंच असतात. कामाचे बाजूला काढल्याशिवाय तो फोल्डर पुसायचा नाही.

‘एका क्लिकवर पीसी दहा पट फास्ट’ अशी जाहिरात करणारे क्लीनर टाकायची गरज नाही. त्यातले बरेच स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. आणि एसएसडी असेल, तर जुन्या पद्धतीनं हातानं ‘डीफ्रॅग’ करत बसू नका. ते फिरणाऱ्या तबकडीसाठी होतं. एसएसडीची लागणारी देखभाल विंडोज आपली आपण करते.

स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखं ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ असं येतं, तो बहुतेक वेळा व्हायरसच नसतो. सिनेमा किंवा गाण्याच्या एखाद्या साइटनं ‘अलाउ’ दाबायला लावलेलं असतं आणि तेव्हापासून ती नोटिफिकेशन पाठवते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ शोधा आणि अनोळखी साइटची परवानगी काढून टाका. एवढ्यासाठी कित्येकांनी फॉरमॅटचे पैसे मोजलेत.

धूळ, ऊन, वीज आणि गोल सेल

शहरातल्या एसी ऑफिसातल्या मशीनपेक्षा गावातल्या मशीनचं जगणं खडतर. रस्त्याचा फुफाटा, मळणीच्या दिवसांतला भुसा, कापसाचे तंतू, वर देवासमोरच्या उदबत्तीचा धूर. हे सगळं सीपीयूच्या पंख्यात जाऊन बसतं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो आणि फारच तापला तर मशीन आपोआप बंद पडतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी ‘आपोआप बंद होतंय’ अशी तक्रार असेल, तर फॉरमॅटनं काही होणार नाही.

दर तीन-चार महिन्यांनी डबा उघडून धूळ काढावी. आधी बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पाच-दहा मिनिटं थांबा. हातातला छोटा ब्लोअर किंवा कोरडा मऊ ब्रश पुरतो. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, ते भिंगरीसारखं फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मात्र वापरू नका. त्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात. लॅपटॉप उघडायची सवय नसेल, तर त्याच्या जाळीवरची धूळ तेवढी झटका आणि तो गादीवर ठेवून चालवू नका. सीपीयू जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा निदान दोन विटांवर ठेवला, तरी धूळ निम्मी आत जाते. दसऱ्याला मशीनची पूजा जरूर करा. फक्त हळद-कुंकू आणि पाणी बाहेरच्या बाहेर राहू द्या, मागच्या जाळीतून आत जायला नको.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या, की बटण बंद करून भागत नाही. भिंतीतली पिन काढायची आणि इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीही काढायची. अर्थिंग नसेल तर आधी वायरमनला बोलवा. यूपीएस असणं गरजेचंच, पण त्यातली बॅटरी साधारण दोन-चार वर्षांत संपते. लाइट गेल्या गेल्या मशीन बंद पडत असेल, तर बॅटरी बदलायची वेळ आली. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका, तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस मान टाकतो.

आता त्या गोल सेलविषयी. जुना कॉम्प्युटर सुरू केला, की तारीख कित्येक वर्षं मागची दाखवतो आणि एकही सरकारी वेबसाइट उघडत नाही; ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. हा व्हायरस नाही आणि नेटचाही दोष नाही. आत मदरबोर्डवर मनगटी घड्याळासारखा, पण जरा मोठा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. मशीन बंद असताना तारीख-वेळ तोच लक्षात ठेवतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि वेबसाइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र त्या तारखेला बसत नाही. सेल साध्या इलेक्ट्रॉनिक दुकानात किरकोळ पैशात मिळतो.

अपडेट पुढं ढकललं आणि काय झालं

‘अपडेट’ म्हटलं की लोक वैतागतात. डेटा खातं, वेळ खातं आणि नेमकं फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी उपटतं. म्हणून बरेच जण ते कायमचं बंदच करून ठेवतात. त्याचा परिणाम काय होतो, हे २०१७ साली सगळ्या जगानं पाहिलं.

विंडोजमध्ये एक दोष होता. मायक्रोसॉफ्टनं त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच अपडेटमधून दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्यावर १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रोग्राम तुटून पडला. कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती. एका मशीनमधून तो नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनमध्ये आपोआप जायचा, सगळ्या फाइलना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागायचा. दीडशेच्या वर देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यात सापडले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. आणि हे मोठ्यांपुरतंच राहिलं नाही. केरळमध्ये वायनाड आणि पथनमथिट्टा या जिल्ह्यांत ग्रामपंचायतींचे कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या गावाच्या मशीनमध्ये चोरण्यासारखं काय आहे, असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. या प्रोग्रामला गाव मोठं की छोटं ते कळत नाही, दार उघडं दिसलं की तो शिरतो.

अलीकडचंही उदाहरण आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर असाच खंडणीचा हल्ला झाला. बाकीच्यांना झळ पोचू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं त्या कंपनीला काही काळ वेगळं काढलं. तेवढा वेळ तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडकले. खातं आपलं, पैसे आपले, पण हल्ला तिसऱ्याच कुणाच्या मशीनवर.

त्रास कमी व्हावा म्हणून एक वेळापत्रक धरता येतं. मायक्रोसॉफ्टची महिन्याची मुख्य दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. त्या आठवड्यात लाइट पक्की असेल अशी एक वेळ बघून अपडेट घ्या आणि मशीन रीस्टार्ट करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालत असेल, तर आणखी एक बघा. नेट सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू असेल, तर बरीचशी अपडेट आपोआप उतरतच नाहीत. अपडेटच्या दिवशी ते बंद करायचं, झालं की पुन्हा चालू. अपडेट चालू असताना बटण दाबून मशीन बंद करायचं नाही. फिरतं चक्र दिसत असेल तर चहा पिऊन यावं.

यात एक मोठी अडचण आहे. गावाकडचे बहुतेक जुने कॉम्प्युटर ज्या विंडोज १० वर चालतात, तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. पण नवीन दोष सापडला तर त्याची दुरुस्ती येत नाही. घरगुती वापराच्या विंडोज १० ला कंपनीनं सुरक्षा अपडेटपुरती एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर केली. त्यासाठी अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं आत येऊन सेटिंगचा बॅकअप चालू केला, तर पैसे पडत नाहीत. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय लागते. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर बहुतेक बसत नाहीत. मशीन बसत असेल, तर विंडोज १० वरून ११ वर जाणं फुकट आहे. बसत नसेल, तर अशा मशीनवर बँकेचं काम आणि लोकांचे बोटांचे ठसे घेणं थांबवावं. शाळेतल्या पोरांना टायपिंग शिकवायला किंवा घरी लिहाय-वाचायला त्यावर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकली, की ते आणखी काही वर्षं कामाला येतं. ठसे घेणारं मशीन आणि डिजिटल सहीचं डोंगल तिच्यावर चालेलच असं मात्र धरून चालू नका.

पेन ड्राइव्ह आणि फुकटचं सॉफ्टवेअर

अँटिव्हायरस विकत घेतलाच पाहिजे असं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ आधीच असते. ती चालू आहे ना, एवढं बघा. दोन-दोन अँटिव्हायरस एकदम ठेवले तर मशीन मात्र रांगायला लागतं.

गावात व्हायरस सगळ्यात जास्त फिरतो तो पेन ड्राइव्हनं. पत्रिका छापायची असो की हॉल तिकीट, एकच पेन ड्राइव्ह दहा दुकानं फिरून येतो. त्यातले फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी बाणाची खूण असलेले शॉर्टकट दिसले, तर त्यावर डबल क्लिक करू नका. तसं करणं म्हणजे व्हायरसला आपण होऊन आत घेणं. फाइल बहुतेक गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा, मग लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करा.

बॅकअप: यात हयगय नको

वरचं सगळं केलं तरी डिस्क एक दिवस मरतेच. वीज पडते, चोरी होते, माणूस चुकून पुसतो. मग प्रश्न एकच उरतो, दुसरी प्रत आहे का? दूध उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल अडकतं ते इथं. पावती पुस्तक होतं तेव्हा निदान कार्बनची प्रत तरी निघायची.

बऱ्याच ठिकाणी ‘बॅकअप आहे’ म्हणतात आणि दाखवतात काय, तर त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमधली कॉपी. सी आणि डी ही बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कची दोन नावं असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. कणगी एक आणि झाकणं दोन, असला तो प्रकार.

पक्की पद्धत अशी: एकूण तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत दुसऱ्या जागी. सोसायटीच्या बाबतीत सांगायचं तर मूळ हिशेब कॉम्प्युटरमध्ये, दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी ऑनलाइन. गूगल अकाउंटबरोबर १५ जीबी जागा फुकट मिळते, हिशेबाच्या फाइलना ती भरपूर झाली. ऑनलाइन प्रत अध्यक्ष-सचिवांच्या खाजगी मेलवर ठेवू नका. माणूस बदलला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. संस्थेच्या नावाचं वेगळं अकाउंट काढा.

बाहेरची हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. ती कायम जोडलेलीच असेल, तर वॉनाक्रायसारखा प्रोग्राम तिलाही कुलूप लावतो. ऑनलाइन फोल्डर आपोआप जुळवला जात असेल, तर तिथंही कुलूप लागलेल्या फाइल जाऊन बसू शकतात. म्हणून निदान एक प्रत तरी तुटक असायलाच हवी.

आणि बॅकअप उघडून बघायचा. तीन-चार महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का, आकडे जुळतात का, हे तपासा. टॅलीसारख्या किंवा दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो, त्याचा वेगळा फोल्डर असतो. तो कुठला, हे सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून एकदा विचारून कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीला मशीन देताना तो कागद बरोबर द्यायचा. जुन्या फॉन्टातले ठराव-पत्रं असतील, तर त्यांची पीडीएफ करून ठेवा आणि नवीन टायपिंग युनिकोडमध्ये करा, म्हणजे ते कुठल्याही मशीनवर आणि मोबाइलवरही वाचता येतं.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपले कागद

केंद्रचालकांनी एवढं तरी करावं. कामाचं अकाउंट आणि घरातल्या पोरांचं गेम-गाण्यांचं अकाउंट वेगळं ठेवावं. पोरांच्या अकाउंटला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे अधिकार देऊ नयेत. ग्राहकाचे कागद काम झाल्यावर पुसावेत आणि रीसायकल बिनही रिकामी करावी. जे ठेवणं भाग आहे, ते पासवर्ड असलेल्या जागी ठेवावेत. उठताना विंडोज बटण आणि एल दाबलं की स्क्रीनला कुलूप लागतं. डिजिटल सहीचं डोंगल चोवीस तास मशीनला लटकवून ठेवणं आणि त्याचा पिन मॉनिटरवर चिकटवणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून काउंटरवर ठेवण्यासारखंच आहे.

ग्राहकानंही मोबाइल हातात घेऊन दोन गोष्टी बघाव्यात. प्रिंट काढायला दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब जोडलं असेल, तर मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. अनोळखी कॉम्प्युटर दिसला की ‘लॉग आउट’. कित्येकांचे मेसेज महिनोन्‌महिने दुकानातल्या स्क्रीनवर दिसत असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. दुसरं, जिथं पूर्ण आधार क्रमांक लागत नाही, तिथं ‘मास्क्ड आधार’ द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असा असतो. म्हणजे गावातल्या ओळखीच्या माणसाला तो सहज कळतो, त्या पासवर्डवर विसंबू नका. बोटाच्या ठशावर पैसे काढण्याची सोय रोज लागत नसेल, तर आधारच्या अ‍ॅपमधून ठसे लॉक करून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात.

‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा’

कधी अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल पाटी येते, भोंगा वाजतो आणि खाली मायक्रोसॉफ्टच्या नावानं फोन नंबर दिसतो. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर देत नाही. पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्युअर टाकायला सांगतो आणि नऊ-दहा आकड्यांचा कोड मागतो. तो कोड दिला की आपला माउस त्याच्या हातात. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा, ती पाटी जाते. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘जुनी पानं परत आणू का’ असं विचारलं, तर नाही म्हणा.

कोड देऊन बसलाच असाल, तर आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या मोबाइलवरून बँकेला सांगून खातं आणि कार्ड थांबवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर जाईल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. तीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि स्क्रीनचा फोटो जवळ ठेवा. घाबरून मशीन फॉरमॅट करायला पाठवू नका, पोलिसांना लागणारा पुरावा त्यातच असतो.